निशाणी बांगडी

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

या महिन्यात एकतीस पत्रं आली आणि त्यातली बावीस मोडी लिपीतल्या जुन्या कागदांबद्दलची आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून हे असंच चाललंय. माळ्यावरच्या पेट्या खाली उतरल्या, ट्रंका उघडल्या, आणि पन्नास वर्षं कुणी हात न लावलेले कागद लोक माझ्या ओसरीवर घेऊन येऊ लागले. निवृत्त झाल्यावर मी रविवारची सकाळ त्यासाठीच ठेवली आहे. ज्याचा कागद त्याला वाचून दाखवायचा, पैसे घ्यायचे नाहीत. पस्तीस वर्षं सरकारी पगारावर इतिहास शिकवला, तेव्हा एवढं माझ्याकडे निघतंच. सगळ्यांना इथे उत्तर देता येत नाही. सहा पत्रं निवडली आहेत, बाकीच्यांना पोस्टाने कळवते.

आमच्या घरात पणजोबांची लोखंडी पेटी आहे. तिच्यात चौदा मोडी कागद निघाले. एकावर राणीचा शिक्का आहे. भाऊ म्हणतो ती सनद आहे आणि आपल्याला इनाम होतं. एक गृहस्थ कागद विकत घ्यायला तयार आहेत. सोबत फोटो आणि आमची सात पिढ्यांची वंशावळ पाठवत आहे. विकावेत का?
— एक शेतकरी, खटाव तालुका

विकू नका. मग बाकीचं बोलू.

तुम्ही पाठवलेला कागद सनद, म्हणजे सरकारने इनाम दिल्याचं पत्र, नाही. तो स्टँपपेपर आहे, म्हणून त्यावर व्हिक्टोरिया राणीचं डोकं आहे. कागद १८८४ सालचा, ताबेगहाणाचा, म्हणजे जमिनीचा ताबा सावकाराकडे देऊन केलेल्या गहाणाचा. पंचाहत्तर रुपयांना पाच वर्षांच्या मुदतीने जमीन गहाण दिली, त्या जमिनीतलं आंब्याचं झाड आणि विहिरीच्या पाण्याची पाळीसुद्धा सोबत दिली, असा मजकूर आहे. तुमच्या भावाची निराशा होईल हे मला कळतं. इनामाची आशा घेऊन आलेल्या दहा माणसांपैकी नऊ जणांच्या हातात गहाणखतच असतं. पण या कागदाची किंमत मला विचाराल, तर सनदेपेक्षा मी हा आधी उचलेन, कारण माझं पीएच.डी.चं कामच या कर्जांवरचं आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं बाहेर काढून जाळली. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. शेतकऱ्याला सावकाराचा कागद वाचता येत नव्हता आणि त्यात काय लिहिलंय ते कोर्टात उभं राहिल्यावरच कळायचं, हे त्यामागचं दुखणं होतं. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्यात दोन गोष्टी होत्या. कोर्टाला कर्जखताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता ते तपासता येऊ लागलं. आणि शेतकऱ्याने लिहून द्यायचा दस्त गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा असं ठरलं. तुमचा कागद पाच वर्षांनंतरचा आहे. खालच्या बाजूला, जिथे तुम्हाला नुसतं गिचमिड दिसतंय, तिथे तो निबंधकाचा शेरा आहे.

आता उजवीकडे खाली बघा. एक छोटी आकृती आहे, आडव्या दांड्याला खाली वाकडा दात असल्यासारखी. तो नांगर आहे. तुमच्या पणजोबांना सही येत नव्हती, म्हणून लिहिणाऱ्याने त्यांचं नाव लिहिलं आणि पुढे नांगर काढला. 'निशाणी नांगर' म्हणतात ती हीच. कुणब्याची निशाणी नांगर, सुताराची त्याचं हत्यार, असं ज्याचं त्याचं ठरलेलं असे. नांगराच्या खाली एक गोल आहे. तुम्ही पत्रात विचारलंय की तो शाईचा डाग आहे का. डाग नाही, ती बांगडी आहे. बाईमाणसाची निशाणी. लिहून देणाऱ्यांत पणजोबांसोबत त्यांची आईसुद्धा आहे, आणि तिचं नाव तिथे पूर्ण लिहिलेलं आहे.

तुम्ही पाठवलेल्या वंशावळीत सात पिढ्या आहेत, अठ्ठावीस पुरुष आहेत आणि बाई एकही नाही. ही तुमचीच चूक आहे असं नाही, सगळ्यांच्या वंशावळी अशाच असतात. पण आता एक नाव तुम्हाला सापडलंय. ते मी इथे छापत नाही, तुमच्या घरचं आहे. वेगळ्या पत्राने पाठवलं आहे. वंशावळीत आधी ते लिहा.

कागदांची काळजी कशी घ्यायची ते थोडक्यात सांगते. लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि अक्षर घेऊनच निघते. ओल्या फडक्याने पुसायचं तर मनातही आणू नका. जुनी शाई काजळ आणि डिंकाची असते, उन्हाने ती उडत नाही पण पाण्याने धुऊन जाते. घड्या हलक्या हाताने उघडा, धुतलेल्या सुती कापडात बांधा, शेजारी वेखंडाची पुरचुंडी ठेवा, आणि पेटी जमिनीला किंवा ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नका. फोटो दोन्ही बाजूंचे काढा. पाठीमागे कोरं दिसतं तिथेच पुष्कळदा कर्ज फिटल्याची नोंद असते. तुमच्या कागदाची मागची बाजू मला अजून बघायची आहे.

मी एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. पीएच.डी.ला नोंदणी करून चार वर्षं झाली. दोन लहान मुलं आहेत, सासूबाईंना अर्धांगवायू झाला आहे. मार्गदर्शक म्हणतात, घर आणि संशोधन एकत्र होत नसतं, काय ते एक ठरवा. तुम्ही कसं जमवलंत?
— एक प्राध्यापिका, मराठवाडा

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हेच वाक्य मला १९९१ मध्ये एका चर्चासत्राच्या जेवणाच्या रांगेत ऐकवलं होतं. ज्यांनी ऐकवलं ते माणूस म्हणून वाईट नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

आपल्याकडे इतिहास संशोधक म्हटलं की डोळ्यांपुढे वि. का. राजवाडे येतात. तरुणपणीच पत्नी गेली, पुन्हा लग्न केलं नाही, गावोगाव पायपीट करून कागद जमवले, स्वतःच्या हाताने रांधून खाल्लं आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड दिले. त्यांच्यापुढे मी कायम हात जोडते. पण हा एकच नमुना धरून बसल्यामुळे घरदार असलेला संशोधक म्हणजे अर्धा संशोधक, असा समज झाला. त्याच काळात मिरजेच्या शाळेत वासुदेवशास्त्री खरे संस्कृत शिकवत होते. शाळेची नोकरी सांभाळून त्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातले कागद वाचले आणि ऐतिहासिक लेखसंग्रह भागामागून भाग काढत नेला. त्यांचं उदाहरण आपण फारसं देत नाही. द्यायला हवं.

माझं सांगते. माझं माहेर माण तालुक्यातलं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.ए. करताना मोडी शिकले होते, पण ती परीक्षेपुरती. छापील पुस्तकातली मोडी वाचता यायची, खरा कागद समोर आला की बोबडी वळायची. १९८७ मध्ये लग्न होऊन साताऱ्यात आले. यजमान एस.टी.त हिशेबनीस. मामंजी, म्हणजे सासरे, निवृत्त तलाठी, जुन्या पिढीतले, मोडीत दप्तर लिहिलेले. मी १९९० मध्ये नोंदणी केली आणि पहिल्या दोन महिन्यांत रडकुंडीला आले, हे त्यांनी पाहिलं होतं. एका रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून ओट्यावर ठेवली, बोरू, म्हणजे वेताची लेखणी, तासून दिला आणि म्हणाले, वाचू नकोस, लिही.

मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला टांगत जातात. शब्द कुठे संपला ते दिसत नाही. विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही, आणि 'र' तर शेजारचं अक्षर पाहून रूप बदलतो. मी डोळ्यांनी शब्द तोडायला बघत होते आणि अडकत होते. मामंजींनी मला मोठ्याने वाचायला लावलं. अक्षरामागून अक्षर, न थांबता, गाडी चालल्यासारखं. तीन-चार ओळी झाल्या की शब्द कानाला आपोआप सुटे होऊ लागत. 'मौजेमजकूरपैकी' डोळ्यांना एक गठ्ठा दिसतो, कानाला तीन शब्द ऐकू येतात. भांडी घासून झाली की रोज अर्धा तास, असे आम्ही सव्वा वर्ष बसलो. थोरला मुलगा तेव्हा पाळण्यात होता आणि त्याला झोपवायला माझ्याकडे गहाणखताशिवाय दुसरं काही नसे.

पुढे मामंजींचे डोळे काचबिंदूने गेले. मग उलट झालं. मी वाचायची, ते पलंगावर पडून ऐकायचे आणि चुकलं की हात वर करायचे. शेवटची दोन वर्षं त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली. मी सून आहे हे विसरले, पण कागदाचा आवाज आला की विचारायचे, "दप्तर पुरं झालं का?" मी म्हणायची, थोडं राहिलंय. मग ते निवांत व्हायचे. १९९८ च्या पावसाळ्यात गेले. प्रबंध १९९९ मध्ये सादर झाला, नऊ वर्षांनी. माझ्याबरोबरच्यांचे पाच वर्षांत झाले होते. उशिराचं मला आजही वाईट वाटतं, ते खोटं कशाला सांगू. पण त्या ओट्यावर जे शिकले ते मला दुसऱ्या कुठल्या दप्तरखान्यात मिळालं नसतं.

याचा अर्थ आजारी माणसाच्या उशाशी बसून संशोधन करा, असा नाही. सगळ्यांच्या घरी मोडी येणारे मामंजी नसतात आणि अर्धांगवायू झालेल्या माणसाची सेवा काय असते ते मला माहीत आहे. तुमच्यासाठी कामाच्या गोष्टी एवढ्याच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसीच्या) २०२२ च्या नियमावलीत पीएच.डी.ची मुदत सहा वर्षांची आहे, पुनर्नोंदणीने ती दोन वर्षं वाढते आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षं मिळतात. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी एकूण दोनशे चाळीस दिवसांची रजाही त्यात आहे. तुमच्या नोंदणीला कोणती नियमावली लागू आहे ते विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात लेखी विचारा. तोंडी नको. उत्तर हातात असलं की मार्गदर्शकांशी बोलताना तुमचा आवाज कापणार नाही. आणि रोज एक पान टिपण करा. प्रकरण लिहायचं म्हणून बसू नका, एक पान. घरात सगळं कोसळलेलं असताना प्रकरण होत नाही, पान होतं.

फोन नंबर वेगळा कळवते. रात्री नऊनंतर केलात तरी चालेल.

जुन्या पत्रांवर 'सन सबा सबैन मया व अलफ' असं असतं. याचं इसवी सन कसं काढायचं?
— एक विद्यार्थी, नाशिक

ही शुहूर सनाची, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत वापरात असलेल्या एका कालगणनेची, अरबी आकड्यांतली मांडणी आहे. सबा म्हणजे सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकंदर ११७७. त्यात ५९९ मिळवलेस की १७७६ येतं. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. त्यामुळे जानेवारीपासून मृगापर्यंतचा कागद असेल तर ५९९ ऐवजी ६०० मिळवायचे. पत्रावर महिन्याआधी 'छ' दिसेल, तो चंद्राचा, म्हणजे चांद्र महिन्याची तारीख. फसली, म्हणजे महसुली, सन असेल तर ५९० किंवा ५९१, शालिवाहन शक असेल तर ७८ किंवा ७९. घाई करू नकोस. सबा आणि सबैन, सित आणि सितैन यांची गल्लत माझीसुद्धा होत असे.

आजी आटपाडीला असते, वय ८४. मी हिंजवडीत नोकरी करतो. तिच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड करायच्या आहेत. दोनदा प्रयत्न केला, पण "काय सांगू बाबा, कष्टात दिवस काढले" यापलीकडे ती बोलत नाही. काय विचारू?
— एक नातू

बाळा, चूक तुझ्या प्रश्नात असेल. "दुष्काळ कसा होता?" असं विचारलं की कुणीही हेच उत्तर देईल.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आमची आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हा आकडा मी वर्गात दर वर्षी सांगितला. पोरं तो लिहून घ्यायची आणि कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. मग एकदा मी विचारलं, तुमच्या घरात कामावर कोण होतं? साठ पोरांत अडतीस हात वर आले. त्या दिवसापासून माझ्या शिकवण्याची तऱ्हा बदलली. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने घरच्या एका म्हाताऱ्या माणसाशी बोलून चार पानं लिहून आणायची, असं ठरवून टाकलं. तेवीस वर्षांच्या त्या वह्या आमच्या मागच्या खोलीत आहेत. यजमानांनी त्यांना गावांप्रमाणे क्रमांक घालून दिले.

आईला मात्र मी नीट विचारलं नव्हतं. २००४ मध्ये टेपरेकॉर्डर घेऊन गावी गेले, तिला खुर्चीवर बसवलं, समोर माईक धरला. तिने पदर डोक्यावर घेतला आणि गप्प बसली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ती गहू निवडायला बसली, मीही सूप घेऊन शेजारी बसले, आणि यंत्र धान्याच्या डब्यामागे ठेवलं. तिला सांगून ठेवलं होतं, चोरून नाही. मी विचारलं, "खडी फोडताना दगड उडून लागत नव्हता का गं?" तर म्हणाली, "उडायचा की. म्हणून सायकलच्या टायरचं कडं करायचं, त्यात दगड धरायचा. तुझ्या बापानं केलं होतं माझं." आणि मग ती जी सुरू झाली ती दुपार टळेपर्यंत. लाल मिलो ज्वारीची भाकरी थापताना कशी फाटायची. सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचा कोरडा खाऊ, मिळायची ती पोरांसाठी पदरात बांधून कशी आणायची. मुकादमाने हजेरी लावली की नाही हे वाचता येत नसल्यामुळे बायका आपापल्या जवळ खडे कसे मोजून ठेवायच्या. हजेरीचे खडे. पन्नास लाखांचा आकडा सांगणाऱ्या मला हे माहीत नव्हतं.

तेव्हा आजीच्या हाताला काम असताना बस. शेंगा फोडायला, वाती वळायला, काहीही. तूही कर. आणि प्रश्न वस्तूचा विचार. कामावर जाताना बरोबर काय न्यायचीस? पाणी कशातून? लहान पोर कुणाजवळ ठेवायचीस? दागिना मोडला का, कुठला, कुणी विकत घेतला? आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. आजीच्या आईवडिलांनी ते राज्य पाहिलं असणार, औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांच्या काळातल्या शाळा आणि पंचायती त्यांच्या बोलण्यात येत असतील, तेही विचार. ती एखादी गोष्ट सांगायची नाही म्हणाली तर तिथेच थांब. रेकॉर्ड केलेलं आधी तिला ऐकव. नको म्हणेल तेवढं पुसून टाक आणि पुसलंस हे तिला दाखव.

आणि मोबाईल खिशातून काढताना एकदा तिच्याकडे बघून विचार, ठेवू का?

मुलगी बारावीला कला शाखेत ८१ टक्के मिळवून पास झाली. इतिहास घेऊन बी.ए. करायचं म्हणते. मी तिला नाही म्हणालो. नोकरी लागेल का? खरं सांगा.
— एक वडील, सांगली जिल्हा

खरं सांगते. प्राध्यापकी डोळ्यांपुढे ठेवून इतिहास घ्यायला सांगणार नाही. नेट आणि पीएच.डी. झालेली माझी मुलं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबताहेत, लग्नं अडलीत, आईबाप थकलेत. त्यांच्याकडे बघून मी तुम्हाला गोड बोलू शकत नाही. स्पर्धा परीक्षेत इतिहास उपयोगी पडतो, पण त्या परीक्षेच्या भरवशावर पोरीची दहा वर्षं घालवू नका.

पण तिने इतिहास घेतलाच, तर हाताला कसब असू द्या. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, तिथे पाठवा. मोडी वाचणाऱ्याला आज तहसीलपासून वकिलापर्यंत सगळीकडे विचारणा आहे, आणि नीट वाचणारी माणसं थोडी आहेत. सोबत संगणकावरचं टंकलेखन आणि इंग्रजी पक्कं करा. माझ्या दोन विद्यार्थिनी एवढ्यावर स्वतःच्या पायांवर उभ्या आहेत.

नाही म्हणण्याआधी तिला एवढं विचारा, की तुला इतिहासातलं काय आवडतं. ती काय सांगते ते मला कळवा.

मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की आमच्या गावच्या वाड्यात शिवाजी महाराज मुक्कामाला होते याला पुरावा नाही. गावाचा अपमान झाला आहे. आमच्या चार पिढ्या हे सांगत आल्या. तुम्ही गावात येऊन सर्वांसमोर खुलासा करावा.
— ग्रामस्थांच्या वतीने, पाटण तालुका

येते. बोलावलंत हेच मला बरं वाटलं.

मी लिहिलं होतं ते असं: वाड्याची आज उभी असलेली विटांची कमान आणि लाकूडकाम उत्तर पेशवाईतलं दिसतं, आणि महाराजांच्या मुक्कामाची नोंद माझ्या पाहण्यातल्या कागदांत नाही. यातला शब्द मी मागे घेऊ शकत नाही. महाराजांच्या नावाने मी पदरचं काही सांगितलं तर त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने उभी राहीन? पण चार पिढ्यांनी सांगितलेलं म्हणजे काहीच नाही, असं मी म्हटलेलं नाही. कोणत्या आजोबांनी कुणाला सांगितलं, त्यात वाटेचं नाव येतं का, सोबत कोण होतं असं सांगतात का, हे सगळं मला ऐकायचं आहे. गावात घरोघर कागद असतील तर तेही उघडू. मिळाली नोंद तर याच पानावर मी सगळ्यांत मोठ्या अक्षरात छापेन.

पण एक गोष्ट माझ्या मनाला गेल्या वेळेपासून लागून राहिली आहे. तुमच्या मारुतीच्या देवळापुढे पाराला टेकवून तीन शिळा उभ्या आहेत. त्यांना शेंदरी ऑइल पेंट दिलेला आहे आणि एकीचा पाय सिमेंटात गाडलाय. पोरं त्यांच्यावर दप्तरं टेकवतात. त्या वीरगळ आहेत, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा. वीरगळ खालून वर वाचायची. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला नेताहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय आणि सगळ्यांत वर चंद्रसूर्य. तुमच्या मधल्या शिळेत खालच्या चौकटीत, रंगाच्या थराखाली, मला गाईंची शिंगं जाणवली. बोट फिरवलं तेव्हा लागली. तसं असेल तर तो माणूस गावची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना मेला. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, पण तो तुमच्या गावाचा आहे आणि तुमच्या वाड्याहून कितीतरी जुना आहे.

येत्या रविवारी सकाळच्या एस.टी.ने येते. खुलासा पारावरच करू, सगळ्यांसमोर. येताना मी मऊ कुंचले आणते, तुम्ही दोन बादल्या स्वच्छ पाणी आणि पाच-सहा पोरं तयार ठेवा. साबण नको, ॲसिड नको, तारेचा ब्रश तर अजिबात नको. रंग आपण काढायचा नाही. ते जाणकाराचं काम आहे, त्यासाठी पुरातत्त्व विभागाला ग्रामपंचायतीचं पत्र लागेल. ते तिथेच बसून लिहू. आपण फक्त धूळ आणि माती काढायची. संध्याकाळी मी थांबेन. अंधार पडल्यावर शिळेच्या बाजूने, अगदी कडेला लावून, बॅटरी धरायची. दिवसा न दिसणारी शिंगं तेव्हा सावलीने उठून दिसतात. म्हाताऱ्या माणसांना त्या वेळी पारावर आणून बसवा, आणि बायकांनाही बोलवा. परतीची गाडी चुकली तर कुणाच्या तरी घरी मुक्काम करीन.